कळशीतलं पाणी, काचेची नोंद

१५ सप्टेंबर, सोमवार

जे झालं ते आधी क्रमाने.

१. भुकूमच्या दत्तोबांनी भातावर फवारायचा पंप घरच्या विहिरीच्या काठावर धुतला. पाण्याला वास आला. पिणं बंद.
२. त्यांच्या आई, मालनकाकू, ते पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला घेऊन आल्या.
३. अहवाल: क्लोरपायरीफॉस (फवारणीचं कीटकनाशक) आढळले नाही. सही माझी.
४. विहीर पुन्हा सुरू. घर, शिवाय मागच्या नऊ भाड्याच्या खोल्या.
५. आज काकू अहवालाची दुसरी प्रत न्यायला आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, नमुना तीन दिवस तांब्याच्या कळशीत होता.

"गौरीची सुट्टी न्हवती का तुमची? मग ठिवली कळशी देवघरात. चिंच लावून लखलखीत घासली हुती. तपासायचं पानी काय पिलास्टिकात आनायचं?"

सुट्टीनंतर ते पाणी त्यांनी काउंटरवर आमच्या बाटलीत ओतलं. 'नमुना कशात घेतला' या रकान्यात मी लिहिलं: काच. विचारलं नाही. समोर काच दिसत होती.

तांब्याचे आयन पाण्यात असले की क्लो.चं विघटन भराभर होतं. एम.एस्सी.ला शिकलेय हे. घासलेल्या भांड्यातून ते जास्तच सुटणार. म्हणजे मी विहीर तपासलीच नाही. कळशी तपासली.

१६ सप्टेंबर

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले, "आपण आलेल्या नमुन्याचा अहवाल देतो, विहिरीचा नाही. तळाशी छापलंय तसं."
छापलंय. मुंगीएवढ्या अक्षरात.
"आणि कळशीमुळेच गेलं कशावरून? मुळात नसेलच."
प्रश्न बरोबर आहे. त्याचाच जास्त राग आला.

१७ सप्टेंबर

'पद्धतीची पडताळणी' या नावाखाली प्रयोग लावला. त्याला सरांची सही लागत नाही. मारुंजीला मी राहते तिथल्या बोअरचं पाणी, त्यात मोजून क्लो. तीन भांडी: नुसती काच; काच आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार; माझी तांब्याची लोटी. लोटी चिंचेने घासली.
रूममेट: "हापिसात भांडी घासायला ठेवलंय का तुला?"
सध्या तरी हो.

२० सप्टेंबर, शनिवार

काच: टाकलं जवळपास तेवढंच आहे. मोरचूद: अर्ध्याच्या बरंच खाली. लोटी: त्याहून खाली.
औषध धातूला नुसतं चिकटून बसलं असेल, अशी शंका होती. पण लोटीतल्या पाण्यात टीसीपी निघालं, म्हणजे क्लो. तुटल्यावर उरणारा तुकडा. तेव्हा तुटलंच. काकूंच्या नमुन्यात टीसीपी बघितलं नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं. तो नमुना आता फेकून झालाय.
याने विहिरीत औषध आहे असं सिद्ध होत नाही. नाही असंही झालेलं नाही. एवढंच.

२१ सप्टेंबर, रविवार

भुकूमला गेले, कुणाला न विचारता. अहवाल लॅमिनेट करून विहिरीवरच्या मोटारीच्या खोपटावर ठोकलाय. माझी सही लांबूनही वाचता येते.

दत्तोबांना सगळं सांगितलं. शांतपणे, दोनदा.
"रिपोट तुमीच दिला. आता तुमीच म्हंता पिऊ नका. मग शिक्का कालचा मानायचा का आजचा, मॅडम?"
म्हटलं, पुन्हा तपासणीसाठी अर्ज तरी द्या.
"पास झालेलं पोरगं कुनी परत परीक्षेला बसवतंय व्हय? वास बी गेलाय आता."
वास जाणं म्हणजे औषध जाणं नव्हे. हेही सांगितलं. ते मोटार चालू करायला गेले.

तपकिरी काचेच्या बाटलीत स्वतः नमुना घेतला. बर्फात ठेवला. नोंद स्वतः केली.

निघताना काकूंनी चहा दिला. मी कपाकडे बघत बसले.
"पी गं, नळाचं हाय. तू त्या दिशी तोंड पाडलंस, तवापास्नं आमी घरात हिरीचं घेतच न्हाई."
"आणि खोल्यांमध्ये?"
"खोल्यांचं दत्ता बघतो."

मी बर्फातली बाटली उचलून निघाले. बोलायला हवं होतं. एका खोलीच्या दाराशी बाळाच्या दुपट्यांची दोरी होती, आणि…

२२ सप्टेंबर, सोमवार

सर: मालकाची मागणी नाही, म्हणून नोंदणी क्रमांक नाही. क्रमांक नाही, म्हणून यंत्रावर नमुना लावता येत नाही. आणि परवानगीशिवाय नमुना घेतलाच कसा? बाटली फ्रिजमध्ये आहे. विघटन तिथेही होतं, फक्त सावकाश.

दुपारी पत्र दिलं. पोच घेतली. इथे उतरवून ठेवते:

"महोदय,
भुकूम येथील विहिरीच्या पाण्याचा नमुना तीन दिवस तांब्याच्या भांड्यात होता. मी न विचारता 'काच' अशी नोंद केली. ही चूक माझी आहे. त्यामुळे तो अहवाल ग्राह्य धरता येत नाही. नऊ खोल्यांमधील भाडेकरू या अहवालाच्या भरवशावर ते पाणी पीत आहेत.
अहवाल मागे घ्यावा, भाडेकरूंना तसे कळवावे आणि २१ तारखेच्या नमुन्याला क्रमांक द्यावा, ही विनंती. नकार असल्यास तोही लेखी द्यावा. बुधवार, २४ सप्टेंबर, सायंकाळी पाचपर्यंत उत्तर मिळावे."