कोपऱ्यातला अंगठा

प्रिय दादा,

हे पत्र तुला मिळालंच तर साबणाच्या डब्यातून मिळेल. हसू नकोस, सांगतो का ते. पण आधी कॉम्प्युटरचं सांगू दे, नाहीतर मी भरकटेन. माझं तुला माहीतच आहे, मीठ आणायला धाडलं की मी दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं तरी मांजर झाडावरून उतरवताना सापडायचो. पायाची भिंगरी अजून थांबलेली नाही. मध्यंतरी रंगाऱ्यांच्या टोळीत होतो, मग ट्रकवर, मग एका लॉजवर चाव्या सांभाळायला. एक गंमत मात्र सगळीकडे व्हायची. ज्या गावात जन्मात पाऊल ठेवलेलं नाही, तिथे कुणीतरी ओळखीचं हसायचं. एका न्हाव्याने तर खुर्चीत बसवता बसवता विचारलं, ‘काय, एवढ्यात परत?’ मी म्हटलं, असेल, आपला चेहराच स्वस्तातला, ठोक मालातला.

तर मी घरी आलो. दारात पाय ठेवतोय तोच आई म्हणाली, ‘परवा फाटकातून का परत फिरलास रे? हाका मारत होते मी.’ परवा मी इकडे येणाऱ्या ट्रकमध्ये कांद्यांच्या पोत्यांवर झोपलेलो होतो. पण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकल्याशिवाय काढणार नाहीत म्हणे. मी ते तिच्या डोळ्यांवर ढकललं आणि जेवायला बसलो.

तुझा कॉम्प्युटर अजून तुझ्याच टेबलावर आहे, त्याच जागी, खिडकीकडे पाठ करून. आई त्यावर पत्ते खेळते. स्क्रीनला नाक लावते आणि एकटीच डाव मांडते. पण तो इतका म्हातारा झालाय की पत्ता उचलला की मध्येच थिजायचा. एका दुपारी मी पाहिलं, बदामची राणी हवेत लटकलेली, आणि आई हात मांडीवर ठेवून तिच्या खाली पडण्याची वाट बघत बसलेली. वैताग नाही, काही नाही. वाट बघायची तिला सवयच आहे. मी म्हटलं, नवा घेऊ. तर म्हणाली, ‘आणि तो आला म्हणजे? त्याला त्याचं काही सापडायला नको?’

नवा घ्यायला खिशात तरी काय होतं म्हणा. लॉजवरच्या एका पाहुण्याने मला एकदा सांगितलं होतं की सगळं बदलायची गरज नसते. आतला मदरबोर्ड तोच ठेवायचा, त्याच्या खाचेत बसेल असा त्याच घराण्यातला थोरला, जास्त दमाचा प्रोसेसर जुन्या बाजारातून उचलायचा. तेव्हाचा महागातला माल आता कवडीमोल मिळतो. मी बोर्डावरचा नंबर हातावर लिहून घेतला आणि निघालो.

जिन्याखालचं ते दुकान तुला माहीत आहे. माहीत आहे हे मला आता माहीत आहे. ते काका सगळे प्रोसेसर साबणाच्या प्लास्टिकच्या डब्यांत ठेवतात, प्रत्येक डब्यात एकेक, खाली फोमचा तुकडा. मला बघितलं आणि म्हणाले, ‘काय साहेब, विकल्याचा पश्चात्ताप झाला वाटतं?’ मी हसलो, दुकानदार काहीही बोलतात. हातावरचा नंबर दाखवला. त्यांनी न शोधताच एक निळा डबा पुढे सरकवला. ‘हा घ्या, तुमचाच. आणि दाढी काढलीत ते बरं केलंत, पार बैरागी दिसत होता.’ दादा, मी आयुष्यात दाढी ठेवलेली नाही. मला ती येतच नाही, हनुवटीवर चार केस येतात आणि लाजून थांबतात. पण भाव इतका कमी सांगितला की मी वाद घातला नाही. वर म्हणाले, ‘स्वतःचाच माल स्वतःला महाग कसा विकायचा?’ वेडसर असतील, म्हणून मी डबा खिशात घातला.

दुपारी उजेड होता तोवर मी डबा खोलला, म्हणजे कॉम्प्युटरचा. आत धुळीचं मांजर बसलेलं. पंखा काढला, प्रोसेसरला धरून ठेवणारी दांडी उचलली, तुझा जुना प्रोसेसर अलगद वर आला. पंख्याचा तळ गोल असतो ना, तो मधोमध टेकतो आणि चारी कोपरे मोकळे राहतात. त्यातल्या एका कोपऱ्यावर, उष्णता पंख्याकडे जावी म्हणून मध्ये लावतात ती राखाडी पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती, आणि तिच्यात अर्धा अंगठा उमटलेला. मधून आडवा चिरलेला. मला हसूच आलं. सगळं जग तांदळाएवढा ठिपका लावून वरून पंखा दाबतं, आणि तू उघड्या अंगठ्याने सारवायचास. तुझ्या अंगठ्यावरचा तो काप याच डब्याच्या पत्र्याच्या कडेने झाला होता, मी तेव्हा बाजूला टॉर्च धरून होतो. तू रक्त शर्टाला पुसलंस आणि म्हणालास, ‘आता हे यंत्र आपलं झालं.’

मग मी निळा डबा उघडला. काकांनी प्रोसेसर वरवर पुसलेला, मधला भाग चकचकीत. पण कोपरा राहून गेला होता. त्या कोपऱ्यावर पेस्टचा पातळ थर, त्यात अर्धा अंगठा. मधून आडवा चिरलेला. मी दोन्ही शेजारी ठेवले. रेष रेषेला जुळत होती. फरक एवढाच, की एक वाळलेला होता, आणि दुसऱ्याला मी नख लावलं तर तो अजून ओला होता.

घरात कुणी नव्हतं, आई मागे कपडे वाळत घालत होती. तरी मी वळून मागे बघितलं.

कापसाला स्पिरिट लावून मी मधला भाग पुसला, कोपरा नाही पुसला. कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेशी जुळवून तो खाचेत ठेवला. जोर लावायचा नसतो, हे तूच शिकवलं होतंस, बसायचा असेल तर आपोआप बसतो. बसला. सेटिंग पुसायला बोर्डावरचा छोटा सेलही काढून घातला. कॉम्प्युटर असा उठला की राणी धरायच्या आत खाली. पण सेल काढल्यामुळे त्याची तारीख मागे गेली, बोर्ड बनला त्या वर्षावर. आईने स्क्रीनला नाक लावून ते वर्ष वाचलं, दोनदा वाचलं, आणि अगदी सहज म्हणाली, ‘म्हणजे तो आत्ता आतल्या खोलीत असेल.’ मी तारीख सुधारायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं. वर्ष अजून तेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी काकांकडे जाऊन सांगितलं, दाढीवाला मी नव्हे, तो माझा भाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागे दाराकडे बघितलं. म्हणाले, मधूनमधून येतो, कधी काय विकतो, कधी काय नेतो, पत्ता सांगत नाही. म्हणून हे पत्र, त्याच निळ्या डब्यात घालून त्यांच्याकडे ठेवायला देतोय. तुझा जुना प्रोसेसर याच्याबरोबर डब्यात ठेवतोय, म्हणजे मी कुणी भलताच नाही याची तुला खात्री पटेल.

आता जे सांगायला बसलो ते. तू फाटकापर्यंत आलास आणि परत फिरलास. का, ते मला काल उंबऱ्यावर बसल्यावर दिसलं. दारात बाबांच्या चपला होत्या. दादा, बाबांना जाऊन दोन हिवाळे झाले. आई एकटी राहते, घरात पुरुषमाणूस आहे असं वाटावं म्हणून ती त्या चपला रोज पुसून दारात मांडते. तू ज्यांच्याशी भांडून गेलास आणि ज्यांच्या चपला बघून वळलास, ते आत नव्हते. शेवटी शेवटी त्यांनीही तुझ्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगितलं होतं. आणि आणखी एक. स्क्रीनवरचं ते वर्ष वाचल्यापासून आई मला तुझ्या नावाने हाक मारते. पहिल्यांदा मी दुरुस्त केलं, तर तिचा चेहरा विझला. काल तिने पुन्हा हाक मारली आणि मी ‘ओ’ दिली. मला निघायचंय रे, पाय खाजतायत. पण आता मी निघालो तर तिच्या लेखी तूच दुसऱ्यांदा जाशील, आणि राहिलो तर हळूहळू तूच होईन. आज सकाळी आरशात बघितलं, हनुवटीवरचे केस दाट व्हायला लागलेत. चपला मी आत घेतल्यात. फाटकाला कडी नाही. तू ये, आणि माझं नाव मला परत दे.

अजून तरी तुझाच धाकटा,
भिंगऱ्या