काळ्याची पेटी

९ ऑक्टोबर २०२३, सोमवार

आली एकदाची ती पेटी! मांजरांच्या हगण्यासाठी यंत्र! अंड्यासारखा आकार, पुढे भोक. मांजर बाहेर पडले की आतले पिंप आपोआप फिरते, घाण खालच्या खणात पडते. वाळूसुद्धा विकतची, फुलांच्या वासाची. देवापुढे मी साधी उदबत्ती लावतो.

कारण काय, तर सुनेला सहावा महिना. डॉक्टरांनी सांगितले, मांजरांच्या घाणीला हात लावायचा नाही. बायकोचे, सुभद्राचे, गुडघे वाकत नाहीत. आमच्या चिरंजीवांना, हेरंबला, ओकारी येते. राहिलो मी. मी काढणार नाही. या हातांनी मी पूजा करतो.

११ ऑक्टोबर, बुधवार

काळ्या आणि चिंगी पेटीला लांबून प्रदक्षिणा घालतात. आत कोणी जात नाही. भित्री जात!

१२ ऑक्टोबर, गुरुवार

चाळीत होतो तेव्हा ही दोघे मागच्या गल्लीत मातीत जायची. चाळ पाडली, आम्ही लालबागलाच अकराव्या मजल्यावर आलो. सुभद्राने त्यांना पिशवीत घालून वर आणले. तेव्हापासून गॅलरीत मातीचे घमेले.

हेरंब मोबाइलवर वाचून शिकवत होता — "पप्पा, आधी बटण बंद ठेवायचं. जुनं घमेलं शेजारी राहू द्यायचं. सवय लागली की मग चालू." आणि आज स्वतःच घमेले कचऱ्यात टाकून आला! वर काळ्याला उचलून पेटीत ठेवले आणि हौसेने बटण दाबले. पिंप घरघरले. काळ्या जो उडाला तो थेट लोखंडी कपाटाखाली.

शिकलेला गाढव. बारा बुके वाचली, एक मांजर वाचता येत नाही.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

चिंगी मोरीत मोकळी झाली. काळ्या नाही. सुभद्रा सकाळीच म्हणाली, "अहो, कालपासून लघवी नाही त्याची. बोक्याची तुंबली की मरतो तो." परळला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट चाचपले. अडथळा नाही म्हणाले, घाबरून धरून ठेवली आहे. उद्यापर्यंत झाली नाही तर नळी घालावी लागेल.

मांजराला नळी! माणसे रांगेत मरतात.

चाळीतल्या दगडूला फोन केला, मांजरे ठेवशील का. तो कॉटन ग्रीनला गोदामावर पहारा करतो. "आण रे दोघांना. हंय गोदामात उंदीर खाऊन माजतील." रविवारी घटस्थापना. त्याआधी पोचवतो म्हटले. घट बसल्यावर घरात ही घाण नको. सुभद्रा एकच भाकरी कितीतरी वेळ थापत राहिली.

संध्याकाळी गावाहून चुलतभाऊ रामजी माती घेऊन आला. आमच्या घटाला मळ्यातलीच माती लागते. संपात गिरणी गेली, घरात चूल पेटेना, तेव्हाही बाबांनी हे मोडले नाही. इथे लोक फुटपाथवर पुडी घेतात. विकतच्या मातीवर देवी बसवतात! माती चाळून परातीत पसरली, देवाच्या कोपऱ्यात ठेवली.

१४ ऑक्टोबर, शनिवार. सर्वपित्री

बाबांचे पान घेऊन गच्चीवर गेलो. कावळा फिरकला नाही. टॉवरवर कावळेसुद्धा माजले आहेत.

खाली आलो तर सुभद्रा दारातूनच ओरडली, "मुतलो! अहो, काळ्या मुतलो एकदाचो!"

परातीत. देवीच्या मातीत!

मी काठी उचलली. काळ्या हलला नाही. डोळे अर्धे मिटून तसाच बसला होता. संपतच नव्हते त्याचे. सुभद्रा मध्ये येऊन उभी राहिली. "आधी होऊ द्या त्याचं. मग काय ते करा."

संपात बाबांनी आम्हाला गावी धाडले होते. सातवी करून मी चाळीत परतलो. गावी झाडाआड जायची सवय. इथे सार्वजनिक संडास, बाहेर रांग. मला जमेचना. पोट फुगायचे. बाहेरून दारावर थापा — "काय रे, बाळंत झालास काय आत?" मग बाबा येऊ लागले. दाराला पाठ लावून उभे राहायचे. "थांब रे. पोरगो नुकतोच गावसून इलो." गिरणी गेलेल्या माणसाचे कोण ऐकतो? शिव्या खायचे. हलायचे नाहीत.

काठी जागेवर ठेवली.

१५ ऑक्टोबर, रविवार. घटस्थापना

घट बसला. माती हिंदमात्याच्या फुटपाथवरची, विकतची. मळ्यातली सगळी पेटीत घातली.

हेरंब म्हणाला, "पप्पा, मशीन बिघडेल."

"बिघडू दे. बटणाला हात लावलास तर याद राख. तुझी वाळू मूठ मूठ मिसळत जाऊ. तोवर घाण मी काढीन."

दगडूला कळवले, मांजरे येत नाहीत.

संध्याकाळी काळ्या आत गेला. मी पाठ करून उभा होतो.