काटा जागेवर, मोटर गरम

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उपाशीपोटीची साखर ठीक आली, सबब मला मधुमेह होणे नाही, हा तुझा सिद्धान्त पोचला. कमरेचा पट्टा दोन भोके सरकला, हा पुरावा तू सोयीने वगळलास. तुमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले आहे. त्यावर त्यांना औषधे खपवायची असतील, हा तुझा निष्कर्ष! तीस वर्षे पंपघर सांभाळणाऱ्या गृहस्था, दाबाचा काटा जागेवर, पण मोटरला हात लावताच चटका बसतो, तेव्हा तू काट्याची पाठ थोपटतोस काय? पेशी ऐकेनाशा झाल्या की स्वादुपिंड जास्तीचे इन्सुलिन ओतते, म्हणून साखर आवरलेली दिसते. ते थकले की काटा हलेल. त्याला मधुमेह म्हणतात. जेवल्यावर चालत जा.

आशीर्वाद आहेतच, ते मावतील एवढी जागा पोटात राखावी.

तुझा दादा

१९ मार्च

ती. स्व. दादांस शि. सा. न.

मोटर वर्मी लागली. जेवणानंतर पंपघराभोवती फेऱ्या मारतो. सोबतचे विचारतात, काय हरवले आहे. गोड चहा सुटला, त्याबरोबर माझा स्वभावही, असे घरचे मत आहे.

आता एक निरीक्षण. डिसेंबरात तुमच्या पानावर तीस ओळी मावत. या खेपेस बारा. वहिनी सांगतात, वर्षात तीन चष्मे झाले आणि तिन्ही वेळा चष्मेवाला अडाणी ठरला. पाण्याची बाटली तर हातातून सुटत नाही म्हणे. तुम्ही साखर कधी तपासलीत? मी सडपातळ आहे, हे उत्तर चालणार नाही. लहान मोटरही जळते.

माया करता तशीच करा, पण आधी रक्त द्या.

आपला धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

काटकुळ्याला मधुमेह होत नाही, हे गृहीतक चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवणाऱ्याने कधीच तपासले नव्हते. काल तपासले. उपाशीपोटी दोनशे अठरा. डोळ्यांचे पडदेही दाखवायचे आहेत. त्याची भीती वाटते, हे तुझ्यापाशी कबूल करतो. चष्मेवाल्याची माफी मागितली. साखर स्थिरावल्याशिवाय नवा चष्मा देणार नाही, असे तो अडाणी म्हणाला.

म्हणून मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. धाकट्याचे खरे, हे वाक्य तिने माझ्याकडून तीनदा वदवून घेतले. लिहिले मात्र एकदाच.

रविवारी ये. जेवून दोघे चालू. वाद तू जिंकलास. हात धरून रस्ताही तूच ओलांडून दे.

तुझा दादा