पंचमीला कापलेला मोगरा

११ ऑगस्ट, मंगळ.
झड लागली आहे, आज पाचवा दिवस. सोलापूरला पाऊस नाही म्हणून वर्षभर रडायचं, आणि आला की हा असा मुक्कामालाच. नर्सरीच्या शेडचा पत्रा दोन ठिकाणी गळतोय. पपईची रोपं ट्रेमधून पिशव्यांत घालणं चालू. कामाला येणारी शांताव्वा माती कालवते, मी लावते.
अण्णा दाराशी खाटेवर. जूनमध्ये इथंच शेवाळावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. मी पंधरा दिवसांसाठी आले होते. दोन महिने झाले.
"खोडाला धरू नगं गं. पानाला धर. पान तुटलं तर दुसरं येतंय." सातव्या वर्षापासून ऐकतेय. एम.एस्सी. झाले तरी ऐकतेय.

१३ ऑगस्ट, गुरु.
पुण्याच्या लॅबचा नोकरीचा मेल आला!! केळीची टिश्यू कल्चर रोपं. १ सप्टेंबरला हजर व्हायचं. पांढरा कोट, कोरडी जमीन.
अण्णांना वाचून दाखवला. "चांगलं हाय की." मग चहा पिऊन झाल्यावर, "एवढी पपई निघू दे." जुलैत म्हणाले होते, एवढी मिरची निघू दे. जा म्हणत नाहीत, राहा म्हणत नाहीत. भांडायचं तरी कशावरून?

१५ ऑगस्ट, शनि.
सोलापुरात नवी पेठेत जाऊन बॅग घ्यायची होती. ओढ्यावरून पाणी, आमच्या कुंभारी गावातून एकही रिक्षा निघाली नाही. परत शेडमध्ये. नखांतली माती आता अंघोळ करूनही जात नाही. ओलीने पपईची रोपं तळाशी काळी पडून आडवी होतायत. चिडून शांताव्वाला बोलले. तिची काय चूक. ती म्हणाली, "अक्का, पावसावरचा राग माझ्यावर काढू नका की." नंतर तिलाच चहा करून दिला.

१७ ऑगस्ट, सोम. नागपंचमी.
काय लिहू.
पंचमीला आमच्याकडे कापणं, चिरणं, उकरणं सगळं बंद. घरात विळी झाकलेली, तवा नाही, आईची उकडलेली पुरणाची दिंडं. कात्र्या अण्णा स्वतः आदल्या दिवशी देव्हाऱ्याखाली ठेवायला लावतात. आजवर एकदाही चुकलं नाही.
आई आणि मी भिजत वारुळाला जाऊन आलो. येऊन बघते तर अण्णा वॉकर धरून शेडमध्ये आलेले, स्टुलावर बसलेले. हातात कात्री. शेडमागचा मोगरा छाटून काड्या केलेल्या. चार ट्रे भरून लावलेल्या.
आई दारातच थिजली. "अहो, आज पंचमी!"
"नागाच्या बिळात पाणी गेलंय. तो भायेर पडलाय, त्याला काय व्हत न्हाय."
मी विचारलं, मुळ्या कधी फुटतील? मला माहीत होतं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.
"महिना, दीड महिना."
"आणि मग पिशव्यांत कोण घालणार?"
"बघू की."
म्हणजे पपई संपत आली तर आता मोगरा. मला अडकवायला देवाधर्माचीही पर्वा नाही. तसं बोललेही, आईसमोर, मोठ्याने. ते म्हणाले, "मी तुला थांब म्हनलो का?" म्हणाला नाहीत, तेच तर!
दिंडं खाल्ली नाहीत.

१८ ऑगस्ट, मंगळ.
शांताव्वा यायच्या आधी मोगऱ्याचे ट्रे बघितले. फेकून द्यायचे होते, खरं सांगायचं तर. काडी खाली तिरकी कापायची, वर सरळ, म्हणजे कुठली बाजू मातीत जाणार ते अंधारातही कळतं. हे मला कुणी शिकवलं? अण्णांनीच.
तीन ट्रे नीट. चौथ्यात सगळे तिरके काप वर. सगळ्या काड्या उलट्या, अशा मुळ्या धरत नाहीत.
एकेक उपसून सरळ केली. कुणाला बोलले नाही. भीती वाटली, दुसरं काही नाही.

२० ऑगस्ट, गुरु.
लॅबला उद्या संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं.
दुपारी पाऊस जरा थांबला. अण्णांनी खाटेवरून विचारलं, "मोगरा कसा हाय?"
"बरा आहे."
"चारी ट्रे?"
"चारी."
अण्णा हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाले, "पडल्यापास्नं डोस्कं कवा कवा फिरतंय. काम अजून हातात बसतंय का न्हाय, येकदा बघायचं हुतं. तुमी दोघी घरात असताना कुटं करू दिलं असतं? म्हनून पंचमी बघितली. बसतंय की! आता तू जा. माझं मी बघतो."
आई पदराने डोळे पुसत आत गेली. मी पपईची पिशवी भरत होते, भरत राहिले.
संध्याकाळी आईने माळ्यावरची जुनी बॅग काढून पुसून ठेवली. मेल उघडून ठेवला आहे, अजून काही लिहिलेलं नाही. अण्णा उद्यापासून गुलाबाची कलमं घेणार म्हणतात, एकटे.