तुझी कादंबरी तिच्या दप्तरात

आई,

तुझी नात दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेलीच नाही. आज दुपारी तिच्या वर्गशिक्षिकेनं फोन करून सांगितलं. मी पुन्हा विचारलं, तर त्यांनी हजेरी पाहून पुन्हा तेच सांगितलं. आणि आज सकाळीसुद्धा ती गणवेश घालून, डबा घेऊन, मला "आवजो" म्हणून मांजलपूरच्या या घरातून सायकलवर निघाली होती. शाळेत फोन चालत नाही म्हणून तिचा फोन इथेच टेबलावर पडलाय. या क्षणी ती कुठे आहे, कोणालाच माहीत नाही. तिची आई ऑफिसात आहे. तिला मी अजून कळवलेलं नाही.

तिच्या दप्तरात हल्ली तुझ्या पुस्तकांतली ती जुनी कादंबरी असते. मोठ्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास न उरलेला एकटा मुलगा, जो रोज शाळेला म्हणून निघतो आणि नदीवर जाऊन बसतो. दिवाळीच्या साफसफाईत तिला ती कपाटात सापडली. इंग्रजी माध्यमातली पोरगी ओळीखाली बोट धरून मराठी वाचतेय, याचंच मला एवढं कौतुक की सोसायटीत चारचौघांना सांगून आलो. बडोद्यातल्या आपल्या घरांना मुलांचं मराठी सुटेल ही एकच धास्ती. ती काय वाचतेय, हे मी पाहिलंच नाही. एकदा तिनं विचारलं, "बाबा, उबग एटले शुं?" मी पेपर बाजूला ठेवून उबग म्हणजे काय ते उदाहरणं देत समजावलं. "हं. मग बरोबर आहे," म्हणून ती खोलीत गेली. मला वाटलं, किती पटकन कळलं हिला!

आठवतं? मी तिच्याएवढा, तीच कादंबरी घेऊन दांडिया बाजारच्या आपल्या जुन्या घरात, स्वयंपाकघरात बसलोय. ताट निवतंय, तू पोळ्या लाटतेयस.

"काय रे, त्या पोराला जेवायला कोण वाढतं?"

"कोणी नाही."

"मग रुसतो तरी कोणावर? मूर्ख कुठला. जेव तू."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

तू लाटणं थांबवलंस. "शाळेत शिकवून आले की दुपारी तेच वाचत होते. शेवटपर्यंत वाचलंय. तुझा चेहरा असा का झालाय, ते नको बघायला?" शेवट काय, ते मात्र तू सांगितलं नाहीस. मी जेवलो, मित्रांची हाक आली, खेळायला पळालो.

आज शिक्षिकेचा फोन ठेवला आणि स्कूटर काढून विश्वामित्रीच्या पुलावर गेलो. आपल्याकडे नदी म्हणजे तीच, आणि तिच्या काठी कोणी बसत नाही. खाली चिखलात दोन मगरी पडून होत्या. सायकल कुठेच दिसली नाही. मला बरं वाटलं आणि लगेच जास्तच भीती वाटली.

आयुष्यभर बातम्यांना मथळे दिले, पण आज एवढं लिहितानाही चार वेळा खोडलं. हे पत्र तुला पोचणार नाही, तरी तुलाच लिहितोय, कारण मी ती कादंबरी पुरी केलेलीच नाही. तो मुलगा घरी येतो का, मला माहीत नाही. तुझ्या नातीला कदाचित कळलंही असेल.

शाळा सुटलीय. ओरडायचं नाही, एवढं ठरवलंय. थोड्या वेळात तिची सायकल गेटातून आत यायला हवी.