महाडात उणे चाळीस

अण्णा, आज आपल्या महाडात उणे चाळीस अंश होते! हसू नका. भर मे महिना, अंगणात पाऊल ठेववत नाही, आणि माझ्या गाडीत बाहेरचं तापमान दिसतं तिथे ऐटीत उणे चाळीस. नुसतं दाखवून थांबेल तर शपथ. बाहेर बर्फ पडतोय अशी गाडीची ठाम समजूत झाली आणि तिने एसीच बंद करून टाकला. मुंबईची मावशी पोलादपूरला आलेली, उद्या परत जाणार, म्हणून आईला आजच तिच्या भेटीला न्यायचं होतं. डॉक्टरांनी आईला एसीशिवाय उन्हात न्यायला साफ मनाई केलेली. सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, मीटर बदलावा लागेल, पुढच्या आठवड्यात आणा." आई नवी साडी नेसून, फणसाची साठं पिशवीत भरून ओटीवर बसलेली. "जमंल ना गो?" दोघी बहिणी थकलेल्या, पुढच्या उन्हाळ्याचं कोणी सांगावं? आणि गाडी बघायला आता तुम्ही नाही.

मग तुमचं एसटी डेपोतलं वर्कशॉप आठवलं. मी तुमचा डबा घेऊन आलेय, एका गाडीचा दिवा लागत नाहीये आणि मी शहाणपणा करून म्हणते, "बल्ब गेलाय." सगळ्यांसमोर तुम्ही डाफरता, "आधी वायर टोकापर्यंत बघून ये, मग बल्बाला नावं ठेव." केवढा राग आला होता मला! आज तोच ओरडा कामी आला. तापमान मोजणारा सेन्सर पुढच्या बंपरच्या जाळीमागे असतो हे मोबाइलवर शोधलं, टॉर्च लावला आणि सरळ जमिनीवर आडवी झाले. शेजारीण बघतच राहिली. सेन्सर जागेवर होता, पण त्याचा प्लग निसटून लोंबत होता, आणि वायरीला सुतळीची घट्ट गाठ. पाडव्याला गाडीची पूजा करताना आईने झेंडूचा हार बांधला होता, हाताला लागली त्या वायरीलाच. सुकलेला हार परवा तिनेच ओढून काढला, त्याबरोबर प्लगही आला. गाठ सोडवली, प्लग खटकन बसवला, चावी फिरवली. सदतीस! अहो, सदतीस अंश बघून एवढी नाचलेली बाई महाडात दुसरी नसेल. एसी सुरू झाला.

हायवेला लागल्यावर आईने विचारलं, "काय झालं हुतं गो गाडीला?" खरं सांगितलं असतं तर पोलादपूरपर्यंत जिवाला लावून घेतलं असतं तिने. माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदरानं वायर ओढली होती."

आई समोर रस्त्याकडे बघत होती. "तुझ्या अण्णांचा उंदीर अजून जिता हाय म्हणायचा," ती म्हणाली. "मिक्सर, इस्त्री, रेडिओ. माझ्या हातनं बिघडलं की त्यांचा एकच जबाब, उंदीर. मी पण कधी उलटून इचारलं नाय."

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं, अण्णा! एवढी वर्षं! मी तरीही उंदरावरच ठाम राहिले. खरं बोलायचा धीर झाला नाही, आणि मला वाटतं, तिलाही तो उंदीरच हवा होता.