ताठ बसायची गाडी

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

माकणी, ता. लोहारा
मंगळवार, १६ जानेवारी २०२४

चि. बसवेश यास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. इकडं आम्ही दोघं ठीक. कालची संक्रांत तुझ्याविना झाली. त्याआधी येळवसेच्या शेतपूजेलाही आला नाहीस. शेतात आंबील-भज्जी केली होती, तुझ्या वाटची आपल्या सालगडी दगडोबानं दोनदा मागून घेतली, आणि धाकले मालक पुण्यात जेवत असतील का उपाशी असतील, असं वर मलाच विचारलं. सोबत तिळगूळ पाठवते. पुडी ओली झाली तर वाळवून खा, टाकू नकोस.

तुझे अप्पा दुकानातून येऊन रोज एकदा तरी म्हणतात की तूच फोन बंद केलास म्हणून पोरगं येत नाही. मी रुसलेली नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी महादेवापुढं जे बोलले ते बोलले. ती लाल गाडी तुझ्याकडं आहे तोवर मी तुझ्याशी फोनवर बोलायची नाही. पत्र लिहिणार नाही असं बोलले नव्हते, म्हणून हे पत्र.

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर तुझ्या जाण्याच्या वेळा आहेत. पोचल्यावर तू मिस कॉल देतोस, मी घड्याळ बघून मांडते. गणपतीच्या वेळी तीन तास पन्नास मिनिटं. दसऱ्याला चार तास. इथून पुणं काय लोहाऱ्याच्या बाजाराएवढं जवळ आहे का रे? आणि दिवाळीत, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाला निघालास आणि मिस कॉल रात्री पावणेनऊला. पंक्चर झालं म्हणून अप्पांना सांगितलंस. पावणेपंधरा तासांचं पंक्चर मी आजवर ऐकलेलं नाही. त्या दिवशी कुठं होतास ते खरं लिही.

ती गाडी तू टाकीवर पोट टेकून चालवतोस, विहिरीत वाकून बघितल्यासारखा. वाकून बघणाऱ्याचा तोल जातो, एवढंच मला कळतं.

उत्तराची वाट बघणारी,
तुझी अव्वा, गिरिजाबाई



पिंपरी
शनिवार, २७ जानेवारी

ती. अव्वा आणि अप्पांस बसवेशचा शि. सा. न.

वि. वि. तिळगूळ पोचला, ओला झाला नव्हता, आणि पुडीचा कागदसुद्धा जपून ठेवला आहे. आता तरी खूश हो.

शाळा सुटल्यावर मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय. मित्र हसतात की याच्या आईनं याला व्हॉट्सॲपच्या जमान्यात टपालाच्या पेटीपाशी उभा केला. पण बातमी मोठी आहे, नीट बसून वाच. लाल गाडी विकली. गेल्या रविवारीच तिचा नवा मालक येऊन घेऊन गेला. आता फोन उचल.

दुसरी बातमी ऐकून लगेच कपाळाला हात लावू नकोस. तिच्या जागी दुसरी गाडी घेतली, वापरलेली. हिला स्पोर्ट टूरर म्हणतात, म्हणजे लांबच्या प्रवासाची. पहिली होती ती सुपरस्पोर्ट, शर्यतीच्या घराण्यातली. तिचं हँडल खाली, पाय मागं, सगळा भार मनगटांवर यायचा. हिचं हँडल उंच आहे, माणूस पाटावर बसावा तसा ताठ बसतो. पुढं वाऱ्याला अडवायला काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या दोन पेट्या. तुझ्या ज्वारीच्या पिठाचा डबा आता पाठीवर बांधून न्यायला नको. डावं मनगट हल्ली जरा दुखतं, म्हणूनही ही बरी.

पंक्चरचं तुला काय सांगू? एकातून दुसरं निघत गेलं आणि उशीर झाला. जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या?

तुमच्या दोघांच्या मायेच्या भरवशावर असलेला,
बसवेश



॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

माकणी
शनिवार, ३ फेब्रुवारी

चि. बसवेश यास अव्वाचे आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचून आधी देवापुढं साखर ठेवली आणि दुसरी बातमी वाचून ती साखर अप्पांच्या चहात टाकली. लाल गाडी गेली हे चांगलं झालं. पण मी गाडी सोड म्हणाले होते, बदल असं म्हणाले नव्हते. अप्पांनी मोबाईलवर फोटो दाखवला. ही तर पहिलीपेक्षा थोराड आहे, रेड्यासारखी. अंगावर पडली तर उचलायला चार माणसं लागतील. अप्पा मेले खूश, म्हणतात की दोन पेट्या म्हणजे दुकानाचा माल आणता येईल.

आणि वापरलेली कुणाची? ज्यानं विकली त्यानं का विकली? माणूस जागेवर आहे ना? गेलेल्याच्या घरची गाडी घेऊ नये, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. नाव-गाव विचारलंस का नुसता रंग बघितलास?

डावं मनगट का दुखतं? लॅपटॉपवाल्यांचं उजवं दुखतं म्हणतात. मला काय कळतं, मी मॅट्रिक झालेली बाई. पण डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून आपण पूजा करतो, म्हणून विचारते. रोज पूजा करतोस ना? पूजेआधी तोंडात पाणी घेत नाहीस ना? आठ वर्षांचा होतास तेव्हा स्वामींनी तुझ्या गळ्यात लिंग बांधलं. ते अंगावेगळं झालं की जीव अंगावेगळा झाला, असं ते म्हणाले होते आणि तू रडायला लागला होतास. आठवतं का?

एवढ्या दोन गोष्टींचं उत्तर आल्याशिवाय फोन नाही.

तुझ्या काळजीत,
अव्वा



पिंपरी
सोमवार, १९ फेब्रुवारी

ती. अव्वास बसवेशचा शि. सा. न.

वि. वि. उत्तराला उशीर झाला. तीन वेळा लिहून फाडलं.

आधी सोपं सांगतो. गाडी बार्शीच्या शंभुलिंगकाकांची. जनावरांचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत. माणूस ठणठणीत आहे, फक्त गुडघे गेले. किल्ली देण्याआधी त्यांनी मला गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागं बसून गल्लीच्या टोकापर्यंत आले. उतरताना म्हणाले की हिला घाई चालत नाही, आणि तुझ्या तोंडावरून तुलाही आता चालत नसणार. त्यांच्या मंडळींनी चाकाखाली लिंबू ठेवलं. तेव्हा ती काळजी सोड.

आता अवघड. हे पत्र अप्पांना वाचून दाखवू नकोस.

अव्वा, माझं लिंग हरवलं.

लाल गाडीवर टाकीवर पडून बसलं की लिंगाची चांदीची डबी छातीत रुतायची. पहिल्यांदा दोरा लांब केला, तर डबी टाकीवर आपटायला लागली. मग गाडी चालवताना ती काढून जाकिटाच्या खिशात ठेवायला लागलो. पुण्यात पोचलो की परत गळ्यात. पुढं पुढं तेही विसरायला लागलो. घरी येऊन जाकीट खुंटीला लावायचं आणि शर्टाची वरची गुंडी बंद ठेवायची, म्हणजे तुला दिसू नये.

दिवाळीहून परत निघालो. मोहोळला चहाला थांबलो तेव्हा खिसा वरून चाचपला, हाताला टणक लागलं. टेंभुर्णीला पेट्रोल भरताना पैशासाठी खिशात हात घातला, तर त्यात तुझ्या शंकरपाळ्यांची पुडी होती आणि डबी नव्हती. पुडीमुळं खिशाची चेन नीट लागली नसणार आणि मधेच कुठंतरी डबी पडली असणार. घरी फोन करून राहिलीय का विचारावं असं वाटलं, पण मग गळ्यातलं खिशात कसं गेलं हे सांगावं लागलं असतं. म्हणून गाडी वळवली. रस्त्याच्या कडेला बघत परत मोहोळकडं निघालो. शेटफळच्या अलीकडं पुलापाशी काहीतरी चकाकलं, मी पुढचा ब्रेक दाबला, खाली वाळू होती. ते कुठल्या तरी बाटलीचं झाकण होतं.

डोक्याला लागलं नाही. डावं मनगट मोडलं. मोहोळला प्लास्टर घातलं आणि गाडी टेम्पोत टाकून रात्री पुण्याला पोचलो. सहा आठवडे प्लास्टर होतं, पुढं तीन आठवडे पट्टा, म्हणून येळवस नाही आणि संक्रांत नाही. आता हाड जुळलंय, पण तळहात पूर्ण उताणा होत नाही.

नवी गाडी घेतल्यापासून दोन रविवार तिथं जाऊन आलो. लाल गाडी हळू चालायचीच नाही, तापायची. ही बैलगाडीच्या चालीनं कडेकडेनं जाते, त्यामुळं गवतसुद्धा नीट दिसतं. येत्या रविवारी परत जाणार आहे. महाशिवरात्रीपर्यंत प्रत्येक रविवारी जाईन. मागून ट्रक हॉर्न मारतात, पण मी कडेला असतो. सापडलं तरच तुला तोंड दाखवीन.

माफ कर असं लिहायलाही हात होत नाही.

तुझा,
बसवेश



॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

माकणी
रविवार, २५ फेब्रुवारी, सकाळचे साडेनऊ

चि. बसवेश,

आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.

तुझं पत्र काल दुपारीच दुकानात आलं होतं. अप्पांनी गल्ल्यात ठेवलं आणि विसरले. आज आंघोळ झाल्यावर आठवलं. मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही, माझंच तोंड विटाळेल. वाचलं तेव्हा आठ वाजून गेले होते आणि आज रविवार. तू त्या रस्त्यावर असणार.

महादेवापुढं दिलेला शब्द कधीच सुटला होता, लाल गाडी गेली तेव्हाच. तरी मी फोन उचलत नव्हते त्याचं कारण वेगळं होतं, ते आता लिहिते. फोन लावतेय. चार वेळा लावला. वाजतो आणि बंद होतो. नुसती बसून राहिले तर वेड लागेल, म्हणून लिहिते.

बसवेश, तुझं लिंग हरवलेलं नाही. ते इथं देवघरात आहे.

भाऊबिजेच्या रात्री वाटेत खायला म्हणून मी तुझ्या जाकिटात शंकरपाळ्यांची पुडी ठेवायला गेले. हाताला डबी लागली. मुलाच्या गळ्यात असायचं ते खिशात, मोबाईलच्या वायरीत गुंडाळलेलं. तुला उठवून विचारायला हवं होतं. भांडायला हवं होतं, आपण भांडतोच की. पण मी डबी काढून घेतली आणि पुडी ठेवली. म्हटलं, बघू, कधी ध्यानात येतं आणि कधी विचारतो. एक दिवस गेला, आठवडा गेला. तू विचारलं नाहीस. मग मला राग आला की याला आठवणसुद्धा नाही. तोंड उघडलं तर हेच बाहेर पडेल म्हणून गाडीचं निमित्त करून फोन बंद केला. दुसऱ्याच्या लिंगाला हात लावू नये हे ठाऊक असून रोज तुझ्या लिंगाला पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. मला वाटायचं की मी तुझं राखतेय.

तू त्या पुलापाशी पडलास तेव्हा मी इथं सहाची वेळ लिहून मिस कॉलची वाट बघत होते. तुला मीच पाडलं.

पावणेअकरा. नऊ वेळा झाले. दगडोबाला बोलावून घेतलं, त्याच्या फोनवरून लावून बघितला. तो म्हणतो की गाडी चालवताना मालक फोन पेटीत ठेवत असतील, डोक्यावरच्या टोपात ऐकू येत नसेल, बाई, धीर धरा. अप्पा दुकान बंद करून ओट्यावर बसलेत. काय झालं म्हणून एकदा विचारलं, मी सांगितलं. ते आत जाऊन डबी बघून आले.

बारा वीस. मागून ट्रक हॉर्न मारतात असं तू लिहिलंस. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचते. नाही सापडायचं रे तिथं. तिथं काही नाहीच. ऊठ तिथून.

एक वाजून दहा. तुझा फोन आला. मोबाईल हातातच होता तरी उचलायला उशीर लागला. घरी ये, एवढंच तोंडातून निघालं, आणि हळू ये. तू घाबरून विचारत होतास की अप्पांना काही झालं का. नाही म्हणून ठेवून दिला. बाकीचं बोलता आलं नाही, समोर आलास तरी येणार नाही. हे पत्र टपालात टाकायचं नाही, तुझ्या हातात द्यायचं. ओट्यावर बसून वाच. मी आत असेन.

तुझी अव्वा



पिंपरी
बुधवार, २८ फेब्रुवारी

ती. अव्वास बसवेशचा शि. सा. न.

वि. वि. परवा निघताना तू दाराशी उभी राहून दिसेनासा होईपर्यंत बघत होतीस, आरशात दिसलं. आरसा या गाडीला मोठा आहे. पहिल्या गाडीच्या आरशात फक्त माझेच कोपर दिसायचे.

तू पाडलंस हे परत लिहू नकोस. चेन उघडी राहिली नव्हती, माझंच तोंड बंद राहिलं. फोन करून एकदा विचारलं असतं तर तू शिव्या घातल्या असत्या आणि मी टेंभुर्णीहून सरळ पुण्याला गेलो असतो. निम्मी चूक तुझी, निम्मी माझी. वहीत मांडायचं असेल तर असं मांड.

ओट्यावर पत्र वाचत होतो तेव्हा अप्पा शेजारी बसून गाडीच्या पेटीचं कुलूप उघडझाप करत होते. पत्र संपलं तेव्हा म्हणाले की हिच्यात साखरेचं पोतं मावायचं नाही. नंतर मी त्यांना धरणापर्यंत फिरवून आणलं, तर वाटेत भेटेल त्याला हात करत होते. तू मात्र नुसता सीटला हात लावून बघितलास. शिवरात्रीला बसायचं आहे, नाही म्हणायचं नाही.

एक सांगायचं राहिलं. गळ्यात डबी घेऊन आलो, जाकिटाच्या आत. ताठ बसलं की ती छातीवर नीट राहते. खड्डा आला की एकदा टकटक करते, मग गप्प. दर गतिरोधकाला कळत होतं की आहे. शेटफळच्या पुलाशी थांबलो, पण खाली बघितलं नाही. पाणी प्यालो आणि निघालो.

आज सकाळी पूजा केली. डावा तळहात अजून पुरता उताणा होत नाही, खालून उजव्याचा आधार दिला. बेल मिळाला नाही, पाणी आणि विभूती.

असाच जीव लावत राहा.

तुझा,
बसवेश



॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

माकणी
सोमवार, ४ मार्च

चि. बसवेश यास अव्वाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पावलं. कोपरांचं वाचून अप्पा हसले, मी नाही. मनगटाला रात्री एरंडेल कोमट करून लाव आणि पट्टी बांध. बेल मी वाळवून पाकिटात घातला आहे. वाळला तरी चालतो.

देवघरात तुझ्या डबीची जागा मोकळी दिसते. तीन महिन्यांवर सवय झाली होती हाताला. सकाळी दोनदा पाणी घेते आणि मग ध्यानात येतं.

गेल्या सोमवारची वेळ लिहिली. सकाळी सहाला निघालास, मिस कॉल दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. सात तास वीस मिनिटं. दहा वाजल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हळू जा म्हणणारी मीच आणि उशीर झाला म्हणून तळमळणारीही मीच. गाडी कोणतीही असो, हे काही माझं सुटायचं नाही.

शिवरात्रीला ये. गाडीवर बसायचं मी कबूल केलेलं नाही, पण गल्लीच्या टोकाला मैनाबाईच्या दारापर्यंत बघू, पुढं नाही. आणि मी बसले की तू बोलायचं नाहीस, समोर बघायचं.

परत पोचल्यावर मिस कॉल देऊ नकोस. पूर्ण फोन लाव, मी उचलते.

तुझ्या वाटेकडं डोळे लावलेली,
अव्वा